दोरमास्तरांचा पॉवर सप्लाय

"काका, साडेसहाशे वॉट रग्गड झाले," दुकानातली मुलगी पुन्हा म्हणाली. "तुमच्या ग्राफिक्स कार्डाला एवढंच लागतं."

"लागतं तेवढंच घ्यायचं नसतं," दोरमास्तर म्हणाले. "तो वरचा मोठा खोका काढ."

दोरमास्तर हे त्यांचं खरं नाव नव्हे. उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली आणि लिफ्टचा दोर हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून सोबतच्या लोकांनी हे नाव चिकटवलं, ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. दहा माणसं चढणार असतील, तर दोर शंभरांना पेलणारा हवा. हाच हिशेब ते घरालाही लावत. स्वयंपाकघरात त्यांनी ठोकलेल्या फळीवर हत्ती बसला असता. बसली होती मिठाची बरणी.

"हा फार मोठा आहे हो," मुलीनं खोका टेबलावर आदळला. "घरी गेम कोण खेळतं? नातू?"

"बायको."

मुलीनं बिलाचं पुस्तक पुढं ओढलं. मास्तरांना जरा बरं वाटलं.

बायको टेलिफोन ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लावून तिनं जन्मभर इतरांचे फोन जोडले, आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा हेडफोन चढवून थेट बंदूकच हाती घेतली. कुठकुठली पोरं तिच्या टीममध्ये होती. सगळी तिला मावशी म्हणत, आणि मावशी त्यांची कॅप्टन होती. गेल्या आठवड्यात तिनं नवं ग्राफिक्स कार्ड आणून स्वतःच्या हातानं बसवलं, मास्तरांना साधा स्क्रू धरायलाही न बोलावता. तेव्हापासून लढाई रंगात आली की कॉम्प्युटर फट्कन बंद पडायचा. पोरं म्हणायची, मावशी पळाली. त्यांच्यातल्याच एकानं निदान केलं, की नव्या कार्डाला जुना पॉवर सप्लाय पुरत नाही.

मग काल ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अहो, वीज म्हणजे तुमचं खातं. उद्या संध्याकाळी फायनल आहे. तेवढा पॉवर सप्लाय तुम्ही बघून आणा."

मास्तरांना रात्रभर झोप नाही. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. घरात दुरुस्तीला काही निघेल म्हणून ते वाट बघत, पण सगळं त्यांनीच इतकं भक्कम बसवलेलं, की मेलं काही मोडतच नव्हतं. आता हे एक काम आलं होतं आणि त्यात हसं होऊन चालणार नव्हतं.

"कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं माप घेतलंय ना?" दुकानातल्या मुलीनं विचारलं.

"सव्वीस वर्षं लिफ्ट बसवल्यात मी," मास्तर म्हणाले, आणि माप घेतलं नव्हतं ही गोष्ट तिथंच दडपली गेली.

दुपारी जे व्हायचं तेच झालं. पॉवर सप्लाय कॅबिनेटमध्ये जाईना. आडवा करून झाला, उलटा करून झाला. एक बाजू आत शिरली की दुसरी बाहेर. मास्तरांनी मुकाट्यानं लोखंड कापायची करवत आणली.

"खबरदार!" बायको दारातूनच ओरडली. "माझ्या कार्डाला दात लागला ना, तर बघा!"

"अगं, आतली ही एवढी पट्टी फक्त..."

"ठेवा ती करवत!"

मास्तरांनी करवत ठेवली. त्यांचे कान तापले होते. "बदलून आणतो," ते खाली मान घालून म्हणाले. "एक काम सांगितलंस, तेही धड झालं नाही." त्यांना खरंच रडू येईलसं वाटत होतं, आणि त्याची लाज वाटत होती.

बायकोनं घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "दुकान दुपारचं बंद असेल आता, उघडेपर्यंत फायनल सुरू होईल. याला बाहेर ठेवून नाही का चालणार?"

चालणार होतं. मास्तरांनी कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढलं, शेजारी स्टूल ठेवलं, स्टुलावर रबराचा तुकडा आणि त्यावर ते पॉवर सप्लायचं धूड. वायरी आत नेल्या, प्रत्येक ओढून पाहिली. स्टूल अर्थातच त्यांनीच केलेलं होतं आणि ते दोघांना मिळूनही उचलणं जड जाई.

फायनल सुरू झाली. मास्तर स्टुलाशेजारी खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळानं त्यांनी बायकोच्या खांद्याला हात लावला. "अगं, पंखा फिरत नाही याचा."

"भार कमी असला की नाही फिरत. खोक्यावर लिहिलंय."

मास्तरांनी खोक्यावरचं वाचलं. "म्हणजे नुसताच बसून आहे," ते म्हणाले.

बायकोनं एक कान मोकळा केला आणि क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग माईक ओठांजवळ ओढला. "ऐका रे पोरांनो, आज मी सगळ्यात पुढे. वीज आमच्या ह्यांनी बघितलीय. बिनधास्त या मागून." आणि इकडे वळून, "हलू नका हं तिथून."

मास्तर हलले नाहीत. पडद्यावर गोळ्यांचा पाऊस सुरू झाला, बायको कुणाला तरी मेल्या, मुडद्या म्हणू लागली, आणि पंखा हळूच फिरायला लागला. मास्तरांनी त्यापुढे तळहात धरला. कोमट वारा येत होता.

टीम हरली. पण शेवटचा गडी पडेपर्यंत कॉम्प्युटर बंद पडला नाही.

"उद्या बदलून आणतो, साडेसहाशेचा," मास्तर म्हणाले.

"काही नको. हा राहू दे." बायकोनं हेडफोन काढून केस सारखे केले. "कॅबिनेटच नवं घेऊ, हा आत बसेल असं. तेवढं तुम्हीच बघा."

"मी?"

"मग कोण? आणि या वेळी माप घेऊन जा."

मास्तरांनी ड्रॉवरमधून टेप काढला, चष्मा लावला, आणि सर्वांत आधी घराच्या दाराची रुंदी मोजली.