अठ्ठेचाळीस फुटांचा उतार

सावरगाळीची ग्रामपंचायत जमिनीपासून चार फूट वर होती आणि मेंबर गिरजा जमिनीवर होती. निवडून येऊन दोन वर्षं झाली तरी हे अंतर काही मिटलं नव्हतं.

पायांत बळ नसल्यानं गिरजा चाकाच्या खुर्चीत बसे. पहिल्या मीटिंगला दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं आणि तिसऱ्या पायरीवर थांबून बजावलं, "आमच्या रस्त्याच्या ठरावाला हात वर करायचा हां." खाली आल्यावर गिरजानं जाहीर केलं, की आता कुणी उचलायचं न्हाई. तेव्हापासून ती अंगणात फणसाखाली बसे. वर मीटिंग चाले, खाली ती हात वर करी आणि शिपाई परशू खिडकीतून डोकं काढून आत ओरडे, "खालचा एक!"

अपंगांसाठी राखलेला निधी दरवर्षी यायचा. पहिल्या वर्षी त्यातून सभागृहाला पंखे बसले, कारण उकडतं अपंगांनाही. दुसऱ्या वर्षी पायऱ्यांना पिवळा रंग दिला. त्यामुळं आपल्याला चढता न येणाऱ्या पायऱ्या गिरजाला लांबूनसुद्धा स्वच्छ दिसू लागल्या.

यंदा मात्र खुद्द रॅम्प मंजूर झाला आणि काम लाडू गवंड्याकडं आलं. लाडूनं तीस वर्षं पायऱ्याच बांधल्या होत्या. उताराचा त्याला अनुभव नव्हता, म्हणून तो सरळ फणसाखाली गेला.

"बाय, तुला किती उतार लागतोय?"

"एक फूट चढायला बारा फूट लांबी, मामा. चार फुटाला अठ्ठेचाळीस." गिरजानं तळहात पुढं केले. त्यांवरचे घट्टे लाडूच्या घट्ट्यांपेक्षा जाड होते. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं, म्हणून त्यानं आदरानं आपले हात मागं घेतले.

मग एस्टिमेट उघडलं. लांबी बारा फूट. बाराचा नियम कुणाच्या तरी कानावर गेला होता आणि त्यानं तो अर्धाच लिहिला होता.

"अध्यक्ष, हे चुकलंय," लाडू म्हणाला.

"मंजूर झालेलं चुकत न्हाई," अध्यक्ष शिवानंद म्हणाला. "तू बांध."

लाडूनं बांधलं. रॅम्प कसला, जरा मागं रेललेली भिंतच ती. गिरजा म्हणाली, "आधी दुसरं कुणीतरी चढून बघा."

दुसरं कुणी तयार होईना. मग पंचायतीत पडून असलेल्या चाकाच्या खुर्चीत गिरजाच्या वजनाचं तांदळाचं पोतं बसवलं. परशूनं ते घाम गाळत वरपर्यंत ढकललं आणि पाहुण्यासाठी दार उघडावं म्हणून दोन्ही हात सोडले.

खुर्ची उलटी सुटली, अंगण ओलांडून रस्त्याकडेच्या दगडावर आदळली आणि थांबली. पोतं थांबलं नाही. त्याच वेळी राफ्टिंगची रबरी होडी घेऊन एक टेम्पो गणेशगुडीकडं चालला होता. पोतं त्या होडीत जाऊन नीट बसलं. संध्याकाळी तिकडून फोन आला, "तुमचं माणूस काळी नदीत फिरून आलं. जाकीट घातलं होतं, काळजी नसावी. तांदूळ तेवढे भिजलेत."

पुढच्या मीटिंगला शिवानंदनं पहिलाच विषय घेतला, रॅम्पचं काम पूर्ण झाल्याचा ठराव. तो झाला की निधी संपला आणि गिरजाच्या नशिबी अंगण कायमचं. लाडूही बिलावर सही घ्यायला दारात उभा होता.

खालून गिरजाचा आवाज आला, "लाडूमामा, काम तुझं हाय. तूच सांग, पुरं झालंय?"

लाडूनं हातातल्या बिलाकडं बघितलं. मग घडी घालून ते खिशात ठेवलं.

"न्हाई बाय. छत्तीस फूट ऱ्हायलंय."

आत मेंबर फुला उठली, पिशवी घेतली, पिवळ्या पायऱ्या उतरली आणि गिरजाशेजारी जाऊन बसली. तिच्यामागून एकेक करून पाच जण गेले. परशूनं खिडकीतून मोजलं आणि घाबरून ओरडला, "खालचे सात!"

वर अध्यक्ष, तीन मेंबर आणि पंखे उरले. कोरम फणसाखाली गेला होता. शिवानंदही निमूट खाली आला. पायऱ्यांवरनंच आला, रॅम्पवर त्याचाही भरवसा नव्हता. यंदाचा उरलेला सगळा निधी उतारालाच लावायचा, असा ठराव तिथं झाला.

लाडूनं ती बारा फुटांची भिंत फोडली आणि नवा उतार इमारतीच्या तीन बाजूंनी फिरवला. प्रत्येक वळणावर दम खायला सपाट जागा ठेवली. मग स्वतः खुर्चीत बसून हातांनी अकरा वेळा चढला. तळव्याला फोड आले तेव्हा त्यानं एका जागचं काँक्रीट खरवडून परत घातलं.

गिरजा आली त्या दिवशी निम्मा गाव हजर होता. शिवानंद खुर्ची धरायला धावला.

"अण्णा, हात खिशात ठेवा," गिरजा म्हणाली.

ती चढत इमारतीमागं दिसेनाशी झाली. सगळे कोऱ्या भिंतीकडं डोळे लावून उभे. नुसती चाकं ऐकू येत होती. मध्येच ती थांबली तसा लाडूचा श्वासही थांबला. चाकं पुन्हा फिरली आणि पलीकडच्या कोपऱ्यातून गिरजा निघाली, चार फूट उंच, घामानं निथळलेली. दारापाशी ती वळली.

"मामा, दुसऱ्या वळणावर जरा ताण बसतोय."

"उद्या काढतो," लाडू म्हणाला. आपल्या कामात कुणी खोट काढल्यावर त्याला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं.

तो फणसाखाली जाऊन बसला. गिरजाचा आवाज आज वरून येत होता. ती शाळेवर बोलली, नळावर बोलली, नंदिगड्ड्याच्या बसवर बोलली. दिवस कलला तसा शिवानंद काकुळतीला आला, "अक्का, आता उठूया की!"

"बसा हो अण्णा," आतून गिरजा म्हणाली. "मी कुठं उठतेय?"