अभ्रकाचा आतला पापुद्रा

प्रयोगशाळेत तिला सगळे घोरपड म्हणत, कारण एकदा एखाद्या गोष्टीला चिकटली की ती सुटत नसे. पण त्या दुपारी सरांचं बोलणं ऐकून तिच्या पायाखालची वाळू सरकली.

"हा क्लोरीन दगडातला नाही," तिचे मार्गदर्शक प्रबंधाचं मुख्य प्रकरण पुढे सरकवत म्हणाले. "तू दगडाचे काप एपॉक्सीत बसवलेस. त्या गोंदातच क्लोरीन असतो. काढून टाक हे."

हे प्रकरण गेलं तर प्रबंध गेलाच. तिचं म्हणणं एवढंच होतं: समुद्रतळाशी जस्त आणि गंधकाचं धातुक साचलं, तेव्हाचं खारं पाणी पुरतं गेलेलं नाही. पुढे तो दगड खोल गाडला जाऊन भाजून निघाला, तरी त्या पाण्यातला क्लोरीन धातुकाशेजारच्या काळ्या अभ्रकात अजून दडून बसलाय.

भांडायच्या आधी तिने मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राचा इलेक्ट्रॉनचा झोत नुसत्या गोंदावर रोखला. पडद्यावरच्या आलेखात क्लोरीनचं टोक ताडकन उभं राहिलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मोजलेले कितीतरी बिंदू भेगांजवळचे होते, आणि भेगांत गोंद मुरणारच.

"झालं तर मग," यंत्र सांभाळणारे काका म्हणाले. "घरी जा, झोप काढ."

"काका, अभ्रक सोलता येतं ना?"

"येतं की. कांद्यासारखं."

"मग गोंद लागतोच कशाला?"

खाणीतून आणलेले उरलेले दगड तिने फोडले. हातमोजे चढवले, कारण घामातही मीठच की. सुईने वरचे पापुद्रे उडवून आतला, ना गोंद लागलेला ना बोट लागलेलं, असा पापुद्रा चिमट्यात अडकवून झोताखाली ठेवला. पापुद्रे तुटायचे. ती दुसरा घ्यायची. आधी धातुकाला खेटून असलेले दाणे, मग लांबचे, मग त्याहून लांबचे.

क्लोरीनचे आकडे आधीपेक्षा बरेच खाली आले. पण शून्यावर आले नाहीत. धातुकाशेजारी जास्त, लांब जावं तसे कमी.

सरांनी आलेख बराच वेळ पाहिला. "आधीचे आकडे?"

"रद्द केले. बरेचसे गोंदाचेच होते. तुमचं बरोबर होतं."

"आणि हे?"

"हे दगडाचे आहेत. आता तुम्ही सांगितलंत तरी काढणार नाही."

सर हसले. "ठेव प्रकरण. पण गोंदाची चूक कुठेतरी लिही."

"लिहिली आहे," ती म्हणाली. "पहिल्याच पानावर."