प्रश्न सातवा: नोकरी का सोडली?

लेकीने विषय निवडला तोही असा, की घरातल्याच दुखऱ्या जागी बोट जावं. सरकारी दवाखाने सोडून माणसं खासगीकडे का वळली, हा तिचा प्रबंध. एकोणतीस जुन्या डॉक्टर-नर्सांनी फॉर्म भरून दिले. तिसावा आईचा, आणि आई आठ दिवस हाती लागत नव्हती. कधी कुकर, कधी शेजारीण, कधी डोकं दुखतंय.

आई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या 'मोठ्या सिस्टर'. बारा वर्षं मुलांचा वॉर्ड सांभाळला आणि एक दिवस राजीनामा देऊन रस्त्यापलीकडच्या चकचकीत हॉस्पिटलात गेली. का, ते कुणालाच सांगितलं नाही.

लेकीला तो वॉर्ड अजून जसाच्या तसा आठवायचा. शाळा सुटली की ती तिथेच. फिनेलचा वास, उकळत्या सुयांची खडखड, गॉजच्या घड्या घालायचं मानाचं काम. कंपाउंडरकाका तिला 'छोट्या सिस्टर' म्हणत सलाम ठोकायचे. काय दिवस होते ते! आता तिथे कुलूप होतं. आईने पगारासाठी ते सगळं सोडलं असेल, तर ते तिला फॉर्मवरच्या खुणेनिशी बघायचं नव्हतं. पण विचारल्याशिवायही राहवत नव्हतं.

शेवटी तिने जेवणाच्या टेबलावरच फॉर्म पसरला. "आज सुटका नाही, आई. पगार, बदली की कामाचा ताण? एकावर खूण कर आणि मोकळी हो."

"काय मेली घाई तुला!" आईने चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. फॉर्म वाचला आणि पेन खाली ठेवलं. "तू सात वर्षांची असताना तुला न्यूमोनिया झाला. वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन पोरं. मी तुला उचललं आणि थेट समोरच्या हॉस्पिटलात नेलं."

"आठवतंय की! वेगळी खोली होती. पाच दिवस तू नुसती माझ्याजवळ. मला तर मज्जाच वाटली होती."

"हो, मज्जा! सहाव्या दिवशी मी कामावर गेले. बारा नंबरच्या खाटेवर तुझ्याच वयाचा मुलगा होता, त्यालाही न्यूमोनियाच. त्याच्या आईला मीच सांगितलं होतं, घाबरू नका, इथे सगळं नीट होतं. ती बिचारी मायेनेच म्हणाली, सिस्टर, तुमची मुलगीही आजारी आहे ना? कुठल्या खाटेवर आहे? जरा बघून येते."

"तो मुलगा... गेला?"

"छे गं! ठणठणीत बरा झाला. आमच्याच औषधांनी, माझ्याच हाताखालच्या पोरींच्या इंजेक्शनांनी. त्या बाईला माझ्या वॉर्डाचा भरवसा होता, मला नव्हता. मग कोणत्या तोंडाने उभी राहणार होते तिथे?"

त्या खोलीतले पाच दिवस लेकीने इतकी वर्षं लाडाने जपले होते.

"लिही," आई म्हणाली. "जे सांगितलं तेच लिही. फक्त माझं नाव घालू नकोस."