बाहीवरचा टच
माझी बायको सुप्रभा जाऊन सात महिने झाले. तिची फॉईल म्हणजे खेळायची बारीक तलवार, मास्क आणि पांढरं जॅकेट परत द्यायला मी लंडनमधल्या हॅरोच्या तलवारबाजी क्लबमध्ये गेलो. तिथे भिंतीवरच्या बोर्डाकडे लक्ष गेलं. त्यावर चार नावं आहेत. पाचवं तिचं असावं, असं मला वाटलं.

हा बोर्ड मादाम ओदील यांना हरवणाऱ्यांचा. मादाम आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. तरुणपणी त्या फ्रान्सकडून खेळल्या, पदकंही बरीच मिळवली. पण लोकांना आठवते ती त्यांनी हरलेली एक फायनल. शेवटचा गुण बाकी होता. समोरचीची फॉईल त्यांच्या छातीला लागली, पण गुण दाखवणाऱ्या यंत्राची तार तुटली होती, दिवा लागलाच नाही. मादामनी स्वतः हात वर केला आणि लागल्याचं सांगितलं. सुवर्णपदक गेलं. त्याला साठ वर्षं झाली, तरी त्या हाताबद्दल विचारायला अजून कोणी ना कोणी फ्रान्सहून येतं.

लग्नानंतर त्या इंग्लंडला आल्या आणि हा क्लब काढला. दर डिसेंबरला एक सभासद मादामशी खेळायचा. त्या दिवशी यंत्र बंद. ज्याला लागलं त्यानेच हात वर करायचा.

अकरा वर्षांपूर्वी सुप्रभाची पाळी आली. ती हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होती, चाळिशी उलटल्यावर खेळायला शिकली. सामना पाच गुणांचा, चार-चार झाले. मग ती पुढे झेपावली आणि तिची फॉईल मादामच्या अंगावर वाकलेली मी बाकावरून पाहिली. मादामनी हात वर केला नाही. पुढच्या टचला सुप्रभा हरली. मी मात्र मंडळाच्या गणपतीत आणि पुण्याला फोनवर सांगत राहिलो, की माझ्या बायकोने चॅम्पियनला हरवलं होतं, बाईंनी कबूल केलं नाही.

आश्लेषा सुप्रभाबरोबर सराव करायची, आता क्लबची सेक्रेटरी आहे. मी तिला बोर्डाचं विचारलं.

"मादाम हो म्हणाल्या तर लगेच लावते, काका," ती म्हणाली. "आणि तुम्हाला त्या नाही म्हणणार नाहीत."

मादाम क्लबच्या मागच्याच रस्त्यावर राहतात. त्यांनी कॉफी केली. मी काय हवं ते सांगितलं.

"तुम्ही म्हणत असाल तर नाव लावायला सांगते," त्या म्हणाल्या. "या वयात माझं काय जाणार आहे?"

काय जाणार ते मला माहीत होतं. फायनलमध्ये वर केलेला तो हात. आणि त्या सामन्यानंतर घरी येताना गाडीत सुप्रभा काय म्हणाली होती, तेही मला माहीत होतं. "अहो, बाहीवर लागला तो. फॉईलमध्ये हाताला लागलेला गुण धरत नाहीत. किती वेळा सांगू?" तेव्हा मला वाटलं होतं, गुरूचा मान राखतेय.

"नको," मी म्हणालो. "टच बाहीवर होता. तिनेच मला सांगितलं होतं."

मादामनी कप खाली ठेवला आणि दंडावर, कोपराच्या जरा वर, बोट ठेवलं.

"इथे. आठवडाभर काळंनिळं होतं."

सामान आश्लेषाकडे देऊन मी घरी आलो. या गणपतीत कोणी विचारलं, तर सांगायचं आहे. पाच-चार. हरली.