मागची बाजू

परवा सकाळी कलावतीने मला पाठमोरं पाहिलं आणि ती किंचाळली, "कोण रे तू? घरात कसा शिरलास?"

मी वळलो, हाक मारली, पण तोवर माझी बायको अनवाणीच जिना उतरली होती. आमच्या बाळकुमच्या रस्त्यावर डंपर सुसाट जातात. वॉचमनने गेटबाहेर तिचा हात धरला म्हणून ती घरी परत आली.

कलावती हल्ली बरंच विसरते. तिच्या मनात मी अजून काळ्या केसांचाच आहे. न्यूमोनियातून उठलो तेव्हा रंग उतरून माझं डोकं पांढरं झालं होतं, आणि तेव्हापासून ती मला बघून बिथरते. म्हणून मी आपल्या हाताने रंग लावला. तोही रोजच्या तेल चोपडलेल्या केसांवर, चंपी करावी तसा तळव्याने. तेलावर रंग बसलाच नाही. समोरून बरा दिसत होतो, मागे नुसते पट्टे. म्हणजे पुढून नवरा आणि मागून चोर. पुन्हा तसं झालं आणि वॉचमन जागेवर नसला तर?

आज दुपारी ती झोपल्यावर मी बाहेरच्या दाराला वरची कडी घातली आणि नातीला, सान्वीला, बाथरूममध्ये बोलावलं. सान्वी सहावीत आहे.

"आजोबा, सगळीकडे सारखा कसा लावायचा?"

"केस कोरडे हवेत, बिनतेलाचे. ते मी कालच धुतलेत. आता भांग पाडून चार भाग कर. एका भागातून बारीक बट उचल आणि ब्रश मुळापासून टोकापर्यंत ने. कानामागचे आधी घे, तिथला पांढरा हट्टी असतो."

"तुमच्यासारखा. हलू नका ना!"

तिने ब्रश थांबवला. "आजी परत पळाली तर?"

"तर दोघं धावू. आत्ता फक्त हातातली बट बघ. घाई केली की मधले केस सुटतात."

शेवटची बट झाली आणि बाहेर पलंग करकरला. पावलं आली. बाथरूमच्या दारावर थाप पडली.

"आत कोण आहे?"

माझ्या डोक्यावर काळा लगदा, कपाळावर ओघळ. या अवतारात मी तिला दिसलो असतो तर संपलंच होतं.

"मी आहे आजी, आंघोळ करतेय," सान्वी म्हणाली. आवाज फाटलाच तिचा.

पावलं लांब गेली. रंग मुरायची वेळ आम्ही एकमेकांकडे बघत काढली. मग केस धुतले, पुसले आणि बाहेर आलो.

कलावती सोफ्यावर बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अहो, तो पंखा बंद करा. गार वाजतंय."

बटणं माझ्या मागच्या भिंतीवर होती. मी वळलो. तिच्याकडे पाठ झाली. बटण दाबलं तरी मागे फिरायचा धीर होईना. ती उठल्याचं ऐकू आलं. पावलं अगदी जवळ थांबली आणि माझ्या मानेवर थंडगार बोट टेकलं. बाजूला सान्वी पांढरीफटक पडली होती.

"अहो, इथे राहिलंय की! बसा खाली. ए पोरी, ब्रश आण."

माझे केस वर्षानुवर्षं तीच रंगवायची. हाताला ते अजून आठवत होतं. वाटीत उरलेल्या रंगात आता दम नव्हता, तो चढणार नव्हता. मी मान पुढे झुकवली. ती तेवढाच ठिपका हळूहळू सारवत राहिली.

"चुणचुणीत आहे हो पोरगी. कोणाची ही?" तिने विचारलं. "नाव काय गं तुझं?"

सान्वीने माझ्याकडे पाहिलं. मला मान हलवता येत नव्हती, ब्रश मानेवर होता.

"सांग," मी म्हणालो. "सावकाश सांग. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगायचं."