पाखऱ्याचं आवतन

बायकोचा पदर नवऱ्याच्या मुठीत, असं लोक नुसतं म्हणतात. पद्मजाबाईंचा खरोखरच होता हो!

सुधाकरराव तहसील कचेरीतून निवृत्त झाले आणि हळूहळू सगळं विसरत गेले. आधी माणसं, मग आदिलाबादचे रस्ते, शेवटी बायकोचं नाव. राहिली ती मूठ. सकाळी पदर पकडला की झोप लागेपर्यंत सोडायचं नाव नाही. बाई चुलीशी तर हे चुलीशी, बाई न्हाणीत तर हे दाराबाहेर बोंबलत. एकदा बाईंनी युक्ती केली, जुन्या साडीचा तुकडा त्यांच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं हुंगला आणि भिरकावला. ‘एवढं बरं कळते मेल्याले!’ बाई मनात म्हणाल्या, आणि लगेच आपल्याच गालावर मारून घेतलं.

तिकडे तामसीला धाकटी बहीण सखूबाई पाय मोडून पडली होती. रोज फोनवर रडायची, “अक्का, एकदा तोंड दाखवून जाय वो.” बस दारावरून जाते, बायांना तिकीटही नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. बाईंच्या पिशवीत कार्ड कायम असायचं. पण बैलाच्या गळ्यात दावं असलं तर रस्ता मोकळा असून काय उपयोग? हैदराबादहून राघवेंद्र सांगायचा, “आई, माणूस ठेव ना.” ठेवला की! एक आठ दिवसांत पळाला, दुसरा चौथ्याच दिवशी.

मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांच्या जोडीला म्युझियम लिहून दिलं. दर बुधवारी तिथं विसराळू म्हाताऱ्यांना जुन्या वस्तू हाताळायला देत. कुणी सुपानं धान्य पाखडायचं, कुणी ढोलकी वाजवायचं, आणि माणसं घटकाभर खुलायची. तिथली स्वरा नावाची पोरगी पहिल्याच दिवशी म्हणाली, “काकू, हे दोन तास तुमचे. बाहेर फिरून या, चहा प्या.”

“आन् हे?” बाईंनी पदर दाखवला. पोरगी हसली, मग तिला हसू आवरतं घ्यावं लागलं. चार बुधवार बाई पदरासकट खुर्चीवर बसून राहिल्या.

पाचवा बुधवार पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. स्वरानं टेबलावर जू, घुंगरमाळ मांडली, वाटीत तूप-हळद कालवली आणि शेजारी पळसाची पानं ठेवली. बेला गावाकडच्या खेड्यात, घरच्या पाखऱ्या बैलामागं लहानाचं मोठं झालेल्या माणसाला ते काय सांगायला लागतं? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचं जू उतरवून खांदा तूप-हळदीनं चोळायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं, हा रिवाज.

सुधाकरराव वाटीकडे बघत राहिले. एकाएकी त्यांनी मूठ उघडली. पदर सुटला! त्यांनी पान उचललं, तुपात बुडवलं, आणि जू तसंच ठेवून बाईंच्या मागे येऊन उभे राहिले.

“हो, हो... पाखऱ्या, उभा राय.”

बाईंच्या खांद्यावर गार तूप टेकलं. पोलक्यावरून, मानेवरून ते हात फिरवू लागले, अगदी मन लावून. इतकी वर्षं त्या हातानं नुसतं ओढलं होतं.

“लय ओढलं तू,” ते म्हणाले. “लय राबला माह्या घरी. चुकलं माकलं माफ कर, बापा. आज आवतन घे, उद्या जेवाले ये.”

चार माणसांत नवऱ्यानं आपल्याला बैल केलं! बाईंना आधी संताप आला, मग लाज वाटली, आणि मग असं रडू फुटलं की आवरेना. हेच शब्द ऐकायला त्यांचा जीव आसुसला होता, आणि ते मिळाले तेही बैलाच्या नावानं.

“काकू, जा!” स्वरा कुजबुजली. “हात मोकळे आहेत, आत्ताच जा.”

बाई उठल्या. कुणी ओढलं नाही. दारातून, फाटकातून त्या रस्त्यावर आल्या तर समोर तामसीची बस उभी. त्यांनी दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला.

“एक्कडिकम्मा?” कुठं जायचं, असं कंडक्टरनं तेलुगूत विचारलं.

तामसी, असं म्हणायचं होतं. कार्ड काढायला हात पिशवीत गेला आणि वाटेत खांद्याला लागला. बोटं पिवळी झाली. उद्या जेवाले ये म्हणे! आणि उद्या पुरण शिजवणार कोण, ह्या पाखऱ्याशिवाय? बाईंना हसू आलं. त्यांनी पाय खाली घेतला. स्वतःचाच इतका राग आला की पायरीला लाथ मारावीशी वाटली. सखू आजही वाट पाहणार होती.

आत सुधाकरराव टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होते, रिकामी मूठ उघडत-मिटत. डोळ्यांत पाणी आलेलं. बाईंना पाहून ते उभे राहिले. त्यांची नजर पिवळ्या खांद्यावर गेली.

“हा बैल कोनाचा हो, बाई?” त्यांनी अनोळखी माणसाला विचारावं तसं अदबीनं विचारलं.

“तुमचाच,” पद्मजाबाई म्हणाल्या, आणि पदर पुढं करून त्यांच्या हातात दिला.