तिसरा सेन्सर

पद्मजाबाईंची गाडी पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा दोरीला बांधून कमळाकरच्या गॅरेजवर ओढत आणली गेली, तेव्हा बाईंचा चेहरा बघूनच त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"आज मरायचंच बाकी होतं," बाई म्हणाल्या. "जासईला गाडी चालता चालता बंद पडली. मागे कंटेनरचा ट्रेलर. त्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून मी इथे उभी आहे. माझ्याबरोबर शाळेतल्या आणखी दोघी होत्या."

बाई रोज विचुंब्याहून उरणच्या शाळेत जायच्या. गाडीचा ऑक्सिजन सेन्सर गेला होता. ही बोटाएवढी वस्तू सायलेन्सरच्या पाइपात बसून धूर हुंगते आणि पेट्रोल किती सोडायचं ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगते. कमळाकरने नवा बसवला, तो चार दिवसांत मेला. दुसरा बसवला, तो पाचव्या दिवशी. दोन्ही जीवनच्या स्पेअर पार्टच्या दुकानातले. मग दोष कुणाचा हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा, असं कमळाकरला वाटलं. असं वाटतं तेव्हाच माणसाने जरा थांबावं. पण थांबणं हा गुण देवाने कमळाकरला द्यायचाच राहिला होता.

तो तडक दुकानावर गेला. जीवन त्याचा लहानपणचा सोबती, दोघेही करंजाच्या कोळीवाड्यातले. आता तर होणारा व्याही. कमळाकरच्या मनस्वीचा आणि जीवनच्या केतनचा येत्या रविवारी साखरपुडा होता. सोयरीक ठरल्यापासून दोघे एकमेकांना कसोशीने 'तुमी' म्हणत आणि मनातल्या मनात हसत. त्या दिवशी ते 'तुमी' दुकानाच्या पायरीवरच राहिलं.

"ह्यो काय माल देतोस रं?" त्याने सेन्सर काउंटरवर आपटला. "दोन्ही डुप्लिकेट! बाई मेली असती आज!"

दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं होती. सगळी वळून बघू लागली.

"खोका सीलबंद होता, कमळाकर. तूच फोडलास," जीवन हळूच म्हणाला.

"म्हंजे माझा हात वाईट? तीस वर्सं मशिनी खोलतोय मी. असल्या खोट्या मालावर चालणाऱ्या घरात पोरगी देऊ काय?"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं. जीवन पांढराफटक पडला. दोन गिऱ्हाइकांनी हातातला माल खाली ठेवला आणि निघून गेली.

घरी ही बातमी कमळाकरच्या आधी पोचली होती. "तुमी बोललात, तुमीच निस्तरा," एवढं बोलून बायकोने, सत्यवतीने पाठ फिरवली. मनस्वी रडली नाही, भांडली नाही. बापाला ताट वाढलं आणि स्वतः न जेवता आत गेली. कमळाकरने ताट तसंच बाजूला सारलं. सोयरीक मोडली तर ती आपल्या तोंडाने मोडली, हे त्याला कळत होतं. पण माल खोटाच, हेही त्याने मनात घट्ट धरलं होतं. ते सुटलं असतं तर मग उरलं काय?

सकाळी नऊला जीवन स्वतः गॅरेजवर आला. हातात नवा खोका. "पहाटे निघून कंपनीच्या डेपोतून आणलाय. तुमीच फोडा," तो म्हणाला. पद्मजाबाईही रजा टाकून येऊन बाहेरच्या बाकड्यावर बसल्या होत्या. ग्राहक मंचात तक्रार करणार, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं.

कमळाकरने सेन्सर बसवला, गाडी चालू केली, वायरीला मीटर लावला. काटा खाली-वर, खाली-वर नाचू लागला. म्हणजे हा जिवंत होता. हा तरी टिकू दे, म्हणून त्याने ग्रीसचा डबा ओढला आणि वायरी जिथे जोडतात त्या कपलरात बोटाने ग्रीस दाबून भरलं. करंजाला होड्यांची इंजिनं दुरुस्त करताना लागलेली ही सवय. खाऱ्या हवेत लोखंड ठेवायचं तर ग्रीस लावूनच. आज त्याने दरवेळेपेक्षा दुप्पट भरलं.

दहा-पंधरा मिनिटांत काटा आळसावला. मग खाली बसला तो उठेचना.

कमळाकर बघतच राहिला. आत्ता तर नाचत होता! मधे काय झालं? मधे फक्त त्याचं बोट गेलं होतं. त्याने खोक्यातला कागद उलगडला. असले कागद तो हात पुसायला वापरायचा. त्यावर कपलरचं चित्र होतं, शेजारी ग्रीसचा डबा, आणि डब्यावर लाल फुली. खाली हिंदीत लिहिलेलं त्याने दोनदा वाचलं. सेन्सर धुराशी ताडून पाहायला वायरीतून बाहेरची हवा आत घेतो. ती वाट बुजली की तो मरतो.

तीनही सेन्सर त्यानेच मारले होते.

बाहेरच्या बाकड्यावरून जीवनचा आवाज आला. "बाई, माल माझाच खराब होता. मी तुमाला लिवून देतो. कमळाकरचा काय दोष नाय." तो दुकानाच्या छापील कागदावर लिहीत होता. अठरा वर्षांचं दुकान, आणि गडी स्वतःच्या हाताने त्याचं नाव बुडवत होता.

गप्प बसलं असतं तर सगळं मिटत होतं. कमळाकरची इभ्रत राहत होती, रविवार राहत होता. मीटरचा काटा त्याच्याशिवाय कुणी पाहिला नव्हता. तो क्षणभर तसाच उभा राहिला, आणि त्या क्षणाची लाज त्याला पुढे कायम वाटली.

"बाई, तो कागद फाडा," तो बाहेर येत म्हणाला. "माल चांगला होता. तीनही. मी मारले."

"कमळाकर, गप ऱ्हा," जीवन उठला. "पोरांचा विचार कर."

पण कमळाकरने कपलर दाखवला, कागद दाखवला, सगळं सांगितलं. पद्मजाबाईंनी तो लाल फुलीचा कागद वाचला. "म्हणजे त्या ट्रेलरपुढे मला तुम्ही उभं केलंत."

"होय बाई."

जीवन पुन्हा बाकड्यावर बसला. "मला वाटलं माल खोटाच," तो म्हणाला. "पहाटे डेपोवाल्याच्या आयबापाचा उद्धार केला मी. तुझा हात चुकेल, ह्ये माझ्या मनातच आलं नाय."

ह्यापरीस त्याने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं, असं कमळाकरला झालं. "काल दुकानात जे व्हते त्यांची नावं सांग," तो कसाबसा म्हणाला. "येकेकाच्या दारात जाऊन सांगतो." रविवारचं विचारायला त्याचं तोंड उघडेना.

जीवनने लिहिलेला कागद चार तुकडे करून खिशात घातला. "साखरपुडा व्हईल. पोरांनी काय केलंय?" तो म्हणाला. "बाईंचा सेन्सर मी चौथा आणतो. पण ह्या टायमाला तू बसवताना मी हितं उभा ऱ्हाणार."

तीस वर्षांत कमळाकरने कुणाला आपल्या हातावर नजर ठेवू दिली नव्हती.

"ऱ्हा," तो म्हणाला.